ढिल्या सांध्याची बासरी

मुलांनो, मागच्या खेपेला आपण सायकलच्या पंपाचा वायसर दुरुस्त केला, आठवतं ना? दांडा दाबला की हवा टायरमध्ये जायची सोडून वरच्या वर फुस्सकन निघून जायची. चामड्याचा वायसर वाळून आकसला होता. त्याला तेल पाजलं आणि पंप चालू लागला. आजचं काम त्याच भावकीतलं आहे. हवा जाऊ नये तिथून जाते आहे आणि आपल्याला तिची वाट बंद करायची आहे. फक्त आज हातात पंप नाही, बासरी आहे.

जत्रेत किंवा आठवडी बाजारात मिळते ती बासरी सलग एका तुकड्याची असते. तिला सांधाच नाही, म्हणून सांधा ढिला होण्याची भानगड नाही. (तिचं दुखणं वेगळं, ते शेवटी सांगतो.) पण जरा लांब, सुरात लावलेली बासरी घ्यायला गेलं की दुकानदार कधीकधी दोन तुकड्यांची दाखवतो. वरच्या तुकड्यात फुंकायचं भोक, खालच्या तुकड्यात बोटांची सहा भोकं आणि वाजवायच्या वेळी एक तुकडा दुसऱ्यात बसवायचा. बासरी जितकी लांब आणि रुंद, तितका तिचा आवाज खालचा, गंभीर. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी मैफलीत आणली आणि तिच्यावर मोठमोठे राग वाजवून दाखवले. त्याआधी बासरी म्हणजे हलक्याफुलक्या धुनांचं वाद्य असंच बहुतेक लोक धरून चालत. आता अशी अडीच-तीन फुटी नळी एसटीच्या गर्दीत घेऊन चढा बरं! दोन तुकडे केले की पिशवीत मावते. युरोपात तर सतराव्या शतकाच्या शेवटीच बासरी तुकड्यांत बनू लागली होती. तिथल्या कारागिरांनीही सांधे घट्ट करायला काय वापरलं? दोराच!

आमच्या नेकनूरच्या शाळेत पाचवीत एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हिशोबात कोयता एक! आईवडील तिकडं असतात तेव्हा हा मुलगा आजीजवळ राहतो. गेल्या मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तेव्हा येताना वडिलांनी कोल्हापुरातून त्याला बासरी आणली. दोन तुकड्यांची, मध्ये पितळेची नळी बसवलेली. सलग बासरी ट्रॅक्टरवरच्या सामानात मोडेल म्हणून मुद्दाम अशी बघून घेतली.

पोरगं बासरी चांगलं शिकलं. यंदा आईवडील परत तोडीला गेले तसा रोज संध्याकाळी सातला आईचा फोन. कोपीवर परतली, चूल पेटवली की पहिला फोन ह्याला. जेवलास का, अभ्यास केलास का, हे सगळं नंतर. आधी म्हणायची, “वाजव बरं.” मोबाइल आजीच्या हातात, बासरी ह्याच्या ओठाला आणि तिकडं शेजारच्या चार कोप्यांतली माणसं ऐकायला. पण डिसेंबर संपता संपता त्यानं वाजवणं बंद केलं. घसा धरलाय, अभ्यास आहे, असं काहीबाही सांगायला लागला. शेवटी आजीच शाळेत आली.

“बासरी फुटलीय म्हणतंय, गुरुजी. अन् बापाला सांगू नको म्हणतंय. उचल फिटायचीय अजून, दुसरी कोण घेतंय?”

उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे. ते ऊस तोडूनच फेडायचे. पाचवीतल्या पोराला तो हिशोब पाठ होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं दप्तरातून बासरी काढली. ती फुटलेली नव्हती. वरचा तुकडा धरून उभी केली की खालचा तुकडा आपल्याच वजनानं घसरत खाली येत होता, एवढंच. वाजवून बघितली. वरचे सूर बरे होते. सा कसाबसा. त्याखालचा नी घोगरा, ध फुसका आणि सहाही भोकं बंद करून वाजतो तो खालचा प, तो तर नाहीच. नुसता वारा.

आता हे असं का व्हावं? बासरीत आपल्याला ऐकू येते ती आतली हवा. बांबू तिला फक्त धरून ठेवतो. सगळी भोकं बंद केली की हवेचा खांब लांबच लांब होतो. लांब खांब सावकाश थरथरतो, म्हणून सूर खालचा. खालून एकेक बोट उचलत गेलं की खांब आखूड होतो, सूर वर चढतो. विहिरीवरच्या पाइपला मध्येच चीर पडली तर पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोचतं का? जोर तिथंच जातो. ढिला सांधा म्हणजे बासरीला पडलेलं जास्तीचं भोक, आणि तेही असं की त्यावर ठेवायला आपल्याकडं बोट नाही! वरचे सूर वाजवताना खालची भोकं उघडीच असतात, म्हणून थोडी गळती खपून जाते. खालच्या प ला मात्र वरपासून खालपर्यंत सगळी नळी बंद लागते. म्हणून बासरी गळायला लागली की आधी खालचे सूर जातात. तुमच्या बासरीचे खालचे सूर रुसले असतील तर फुंक कमी पडते म्हणून स्वतःला दोष देण्याआधी बासरी तपासा.

सांधा ढिला का झाला, तेही बघू. खालच्या तुकड्याचं वरचं टोक तासून बारीक केलेलं असतं. लाकूडकामात सुतार अशा टोकाला कुसू म्हणतात. त्या कुसवावर दोरा गुंडाळलेला आणि ते वरच्या तुकड्याच्या पितळी नळीत बसतं. बांबू हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, कोरड्या हवेत तो ओलावा सोडतो आणि आकसतो. पितळेला ओलाव्याशी काही देणंघेणं नाही. कोल्हापूर पाण्याचं गाव. तिथून बासरी आली बालाघाटाच्या माळावर, आणि आमच्या कोरड्या हवेत बांबू जरासा बारीक झाला. नळी होती तेवढीच राहिली. त्यात रोज काढायची-घालायची, त्यामुळं दोराही दबून चपटा झालेला.

घरात आजोबा असतील तर त्यांना बैलगाडीच्या चाकाचं विचारा. उन्हाळ्यात लाकडी चाक वाळून आकसायचं, वरची लोखंडी धाव खुळखुळायची. मग चाक नदीच्या पाण्यात टाकून ठेवायचे. लाकूड फुगलं की धाव घट्ट! खुरप्याची नाहीतर कुऱ्हाडीची मूठही कुणीकुणी अशीच भिजवतात. पण थांबा, बासरी पाण्यात टाकायची नाही हं. चाक जाड लाकडाचं असतं. बासरीचा बांबू पातळ. भिजून फुगला आणि उन्हात भराभर वाळला की उभी चीर पडते, आणि मग खरोखरच बासरी फुटली म्हणायची वेळ येते.

वर्गातल्या बाकीच्या पोरांनी लगेच उपाय काढला होता: फेविक्विक. एकानं तर दुकानात पळायची तयारीसुद्धा केली. त्याला थांबवून आम्ही गावातल्या एका सनईवाल्या आजोबांकडं गेलो. किती लग्नांत वाजवलं याचा त्यांनाही आता हिशोब नाही. तुम्ही लग्नात सनई जवळून बघितली असेल तर तिच्या तोंडाशी दोऱ्यानं लोंबणाऱ्या जादा पत्त्या दिसल्या असतील. पत्ती बसते ती बारीक धातूच्या नळीवर, आणि ती नळी सनईत बसते ती दोऱ्याच्या वेढ्यांवर. म्हणजे हा माणूस जन्मभर दोराच गुंडाळत आलेला. त्यांनी बासरी हातात घेतली, सांधा दोनदा फिरवला आणि म्हणाले, “ह्येला काई झालं नाई. दोरा बदला. पर चिकटवू नका गुरुजी, चिकटवली की काठी झाली.”

काठी झाली म्हणजे काय, ते मी मुलांना वर्गात फोड करून सांगितलं. चिकटवलेली बासरी परत दोन तुकड्यांत निघत नाही. आतून पुसता येत नाही, पिशवीत मावत नाही. आणि बांबू पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आकसणार, पावसाळ्यात पुन्हा फुगणार. तो डिंकानं जखडलेला असला तर त्या ओढाताणीत तडकतो. दोरा मात्र दबतो, सुटतो, ऐकून घेतो. आणि नाहीच ऐकलं तर दहा मिनिटांत बदलता येतो.

आता कामाला लागू. पण दोरा काढायच्या आधी एक गोष्ट, आणि ती गाळू नका. गळती सांध्यातूनच आहे ना, याची खात्री करा. पायाला लागलंय आणि हाताला पट्टी, असं नको!

आधी फक्त वरचा तुकडा घ्या. त्याचं खालचं तोंड तळहातानं घट्ट झाका. फुंकायच्या भोकावर ओठ ठेवून हवा हळूच आत ओढा. ओठ भोकाला चिकटून बसले आणि हवा येईनाशी झाली तर वरचा तुकडा निर्दोष. हवा येतच राहिली तर एकतर बांबूला चीर आहे किंवा वरच्या टोकाचं बूच गळतंय. मग खालचा तुकडा. त्याची सहा भोकं सहा बोटांनी बंद, खालचं तोंड मित्राच्या तळहातानं बंद (बोटांच्या भोकांखाली आणखी एखादं भोक असेल तर तेही त्यालाच झाकायला सांगा) आणि वरच्या टोकाला तोंड लावून तसंच हवा ओढा. दोन्ही तुकडे वेगवेगळे नीट आहेत आणि जोडल्यावर गळतात, मग चोर सांध्यातच. आमच्या पोरांना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांनी बासरी जोडून, सगळी भोकं झाकून हळूच फुंकली आणि सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरली. धुराची सरळ रेघ एका बाजूला वाकली! चोर दिसला म्हणून काय आरडाओरडा झाला म्हणता, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

सामान फार लागत नाही. शिवणकामाचा साधा सुती दोरा. नायलॉनचा घेऊ नका, तो गुळगुळीत असतो, वेढे सरकतात. आणि मधाच्या पोळ्याचं मेण. मेण मिळालं नाही तर साधी मेणबत्ती चालते, पण तिचं मेण ठिसूळ, लवकर झडतं. मेणाच्या खड्याला दोरा अंगठ्यानं दाबून धरायचा आणि ओढत न्यायचा. दोन-तीनदा असं केलं की दोरा चिकटसर होतो. मेणानं दोन कामं होतात. वेढे जागचे हलत नाहीत आणि तोंडाच्या वाफेचं पाणी दोऱ्यात शिरत नाही.

बासरीवर बाहेरून जागोजाग दोऱ्याचे पट्टे बांधलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. बांबू उभा तडकू नये म्हणून ते आवळलेले असतात. आपला दोरा तो, जो सांधा उघडल्यावरच दिसतो. तो हळूहळू उकला, कुसू कोरड्या फडक्यानं पुसा. मग नव्या दोऱ्याचं टोक बांबूवर आडवं ठेवा आणि पहिले तीन-चार वेढे त्या टोकावरूनच घ्या, म्हणजे गाठ न मारता ते दबून बसतं. गाठ अजिबात नको. गाठीपाशी उंचवटा येतो, आणि उंचवट्याच्या दोन्ही अंगांनी हवा निघते. भोवऱ्याला जाळी कशी गुंडाळता? वेढ्याला वेढा लागून, मध्ये फट नाही, एकावर एक चढलेला नाही. अगदी तस्संच. फक्त जाळीसारखा जोर लावून आवळू नका.

एक थर झाला की थांबा आणि घालून बघा. सरळ दाबायचं नाही, बाटलीचं झाकण फिरवतो तसं थोडं फिरवत बसवायचं. सैल वाटलं तर दुसरा थर. घट्ट वाटलं तर चार वेढे कमी. इथं घाई करणारा फसतो. जोर लावून बसवलं तर दोरा काही फाटत नाही, कुसूच चिरतं. बरोबर झालं की नाही ते कसं ओळखायचं? बासरी जोडा, वरचा तुकडा धरून उभी लोंबकळू द्या. खालचा तुकडा घसरला नाही, आणि दोन बोटांनी फिरवला तर फिरला, की झालं. दोऱ्याचं शेवटचं टोक शेवटच्या वेढ्यांखाली सुईनं ओवून ओढून घ्या, उरलेलं कापा.

हे सगळं त्या मुलानं स्वतः केलं. मी फक्त मेणाचा खडा धरला होता. पहिल्यांदा जास्त झालं, उकललं. दुसऱ्यांदा कमी. मधली सुट्टी संपली तरी पोरगं वेढेच मोजत बसलं होतं. तिसऱ्या खेपेला बसलं. मग त्यानं फुंकायचं भोक आणि बोटांची भोकं एका ओळीत आणली आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची बारीक खूण केली, म्हणजे रोज जोडताना अंदाज घ्यायला नको. ही युक्ती त्याची, माझी नाही. तुम्हीही करा.

संध्याकाळी सातला काय झालं, ते मला आजीनं सांगितलं. फोन आल्याबरोबर त्यानं आधी खालचा प लावला आणि श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. तिकडून आई म्हणाली, “हे काय रे नवीन?” तिला बासरीचं काहीच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

आता जत्रेतल्या सलग बासरीचं दुखणं. तिचं वरचं टोक कधी बांबूच्या गाठीनंच बंद असतं, तिथं ढिलं होण्यासारखं काही नाही. पण बऱ्याचदा आत बूच ठोकलेलं असतं. ते वाळून सरकलं की दोन गोष्टी होतात. बाजूनं हवा गेली तर सूर फुसके होतात. आणि हवा गेली नाही, पण बूच नुसतं पुढंमागं झालं, तर खालचा सा आणि वरचा सा यांचं आपसात जमेनासं होतं. मग मूल बिचारं फुंक बदलत बसतं. बुचाची जागा ठरलेली असते. फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून बुचापर्यंतचं अंतर ढोबळमानानं नळीच्या आतल्या रुंदीएवढं धरतात. जर्मनीतल्या म्युनिकचे थिओबाल्ड बोम (१७९४–१८८१) यांनी १८४७ साली धातूच्या नळीची नव्या धर्तीची बासरी तयार केली. आज वाद्यवृंदात जी चकचकीत फ्लूट दिसते, ती त्याच वंशातली. तिच्यात आतली रुंदी साधारण १९ मिलिमीटर आणि बूच भोकाच्या मध्यापासून साधारण १७ मिलिमीटरवर. ती पुसायच्या काडीवर टोकापासून तेवढ्याच अंतरावर खूण कोरलेली असते. काडी आत घातली की खूण भोकाच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. दिसली नाही तर बूच हललंय.

तुम्हीही अशी काडी करा. बासरी नवी असते आणि सुरात वाजत असते, त्याच दिवशी सरळ काडी खालून घालून बुचाला टेकवा आणि फुंकायच्या भोकाच्या मध्याशी तिच्यावर पेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. पुढं बूच ढिलं झालं तर काडीच्या टोकाला फडकं गुंडाळून ते खालून हळूच वर ढकला, बाहेर काढा, त्यावर मेणाच्या दोऱ्याचा एक थर द्या आणि वरून परत बसवा, काडीवरची रेघ भोकाच्या मध्याशी येईपर्यंत. बूच चिकटवलेलं असेल आणि हलत नसेल तर मात्र ओढाताण करू नका, ते जागेवरच आहे असं समजा.

दोन-तीन बारीकसारीक गोष्टी राहिल्या. ऐन कार्यक्रमाच्या वेळी सांधा ढिला झाला आणि दोरा-मेण जवळ नसलं, तर नळ जोडायला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. तेवढी वेळ निभते, घरी येऊन ती काढून दोरा घाला. वाजवून झाल्यावर दोन्ही तुकडे वेगळे करा, आतून कोरड्या फडक्यानं पुसा आणि सावलीत ठेवा. खिडकीत नको, पत्र्याच्या पेटीवर नको. महिन्या-दोन महिन्यांनी मोहरीच्या तेलाचं बोट बांबूला आतबाहेर फिरवलं तर तो एकदम वाळत नाही, पण सांध्याच्या दोऱ्याला तेल लागू देऊ नका, नाहीतर वेढे पुन्हा सरकायला लागतील. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की एकदा उभी लोंबकळून बघा, आणि पावसाळा लागला की पुन्हा एकदा. तेव्हा उलटं होतं, सांधा घट्ट होतो आणि निघता निघत नाही. अशा वेळी ओढायचं नाही. दोन दिवस कोरड्या जागेत ठेवायची, मग फिरवत काढायची आणि पाच-सहा वेढे कमी करायचे.

पोळ्याचं मेण कुठं मिळालं, किती थर लागले, उदबत्तीचा धूर कुठं वाकला, ते पत्रानं कळवा. पुढच्या वेळी ढोलकीची शाई उडते, तिचं बघू.